पडदे ओढून काढलेला फोटो

शनिवारी सकाळी दहा वाजता डेरेक ग्रिमशॉने पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. आता आमच्या हॉलिन स्ट्रीटवर भर दिवसा पुढचे पडदे लागले म्हणजे घरातलं कोणीतरी गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. डेरेक तर अडतीस वर्षांचा, बस चालवणारा, याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला. पण त्या सकाळी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्याला कोण काय करणार!

डेरेक दर महिन्याला व्हिडिओ गेमचं मासिक घ्यायचा, ते त्यावर चिकटवलेल्या सीडीसाठी. सीडीवर येऊ घातलेल्या गेमचे डेमो असायचे. जुलैच्या डेमोत एक सरदार हातात कंदील घेऊन, भुतं कापत कापत पुलापर्यंत जायचा. पुलावर पाऊल टाकलं रे टाकलं की सगळं काळं व्हायचं आणि अक्षरं उमटायची : ‘पुढचं नाताळला’. तीन महिने डेरेक त्या पुलाशी येऊन तडफडत होता. पलीकडे काय असेल? बस चालवताना खरा पूल आला तरी त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

आणि मासिकानं जाहीर केलं, की डेमोत सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्याला अख्खा गेम नाताळच्या आधीच घरपोच मिळेल. पुरावा म्हणून टीव्हीचा फोटो पाठवायचा. पडदे लावा, फ्लॅश मारू नका, कॅमेरा हलू देऊ नका, हेही छापलं होतं. आज डेरेकच्या टीव्हीवर एकसष्ट हजार चारशे ऐंशी गुण थांबवून ठेवलेले होते. डेमोत काही साठवून ठेवता येत नाही. वायर हलली की गुण गेले. फोटो तासाभरात धुऊन घेऊन बाराच्या टपालात टाकायचा होता, कारण सोमवारी मुदत संपत होती. आणि तो जिच्यासोबत राहायचा, त्या हेटी मावशीच्या कॅमेऱ्यात रोलचे दोनच फोटो उरले होते.

त्यानं जुन्या मासिकांची चळत रचली, तिच्यावर कॅमेरा ठेवला, श्वास रोखला. तेवढ्यात बेल वाजली. तो दचकला, बटण दाबलं गेलं आणि एक फोटो छताचा निघाला.

दारात समोरची नेली क्लेग उभी होती. काळा कोट, काळी टोपी, हातात दुःखाच्या घरी द्यायला भाजून आणलेला मटणाचा पाय.

“डेरेक, बाळा! आत्ताच पडदे पाहिले. हातातलं सगळं टाकून आले बघ.”

“हळू बोला! आणि आत काही हलवू नका.”

“नाही रे बाळा, कशाला हलवेन,” म्हणत नेलीनं डोळ्यांना रुमाल लावला आणि ती थेट टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली. टोपीसकट. डेरेक तिला उठवणार, तोच शेजारचा अर्नॉल्ड टॅटरसॉल न विचारता आत आला. आयुष्यभर शववाहिनी चालवलेला माणूस, त्यामुळे अशा वेळी तो आपोआपच कारभारी होतो.

“टीव्ही चालू?” अर्नॉल्ड कुजबुजला. “अशा प्रसंगी? बंद कर आधी.” आणि तो वाकून प्लगकडे हात न्यायला लागला.

“हात लावाल तर खबरदार!” डेरेक किंचाळला.

“धक्का बसलाय पोराला,” नेली म्हणाली. “हेटीशिवाय त्याचं होतं तरी कोण?”

आता कुठे डेरेकच्या डोक्यात उजेड पडला. मावशी वरच्या मजल्यावर शनिवारची उशिराची झोप घेत होती! “अहो, काहीतरीच काय! मावशी वर...”

“वरच गेली असणार, यात शंका नाही,” अर्नॉल्ड म्हणाला. “जिभेला धार होती, पण मनानं निर्मळ.”

घड्याळात साडेदहा झाले. डेरेकनं चळतीवरचा कॅमेरा पुन्हा सरळ केला. त्यानं दाराच्या फटीकडे पाहिलं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हेटी मावशी! पांढरा झगा, केसांत रोलर. तो तोंड उघडणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिला ऐकायचं होतं. आपल्यामागे लोक काय बोलतात हे फुकटात ऐकायला मिळत असेल, तर कोण सोडेल? डेरेकनंही विचार केला, बसू दे तिला ऐकत. आपण गुपचूप फोटो उरकू. तो चळतीमागे गुडघ्यांवर बसला.

“नेलीबाई, टोपी जरा काढा ना...”

“हेटीसारखी बाई होणे नाही,” नेली आपल्याच नादात होती. “गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण खरं सांगू अर्नॉल्ड? तिचा आल्याचा केक म्हणजे नुसती वीट! वीस वर्षं मी तो पिशवीत लपवून कुत्र्याला घातला.”

“काय म्हणालीस?”

दार धाडकन उघडलं. उजेडाच्या झोतात पांढरी हेटी मावशी उभी. नेली किंचाळून उठली, अर्नॉल्ड मागे सरला तो वायरीत पाय अडकून पडला, डेरेकच्या बोटाखाली बटण दाबलं गेलं आणि टीव्ही काळाठिक्कर झाला.

अकरा पन्नासला फोटो धुऊन मिळाला. मावशीचा आ वासलेला जबडा, नेलीचे वर गेलेले हात, अर्नॉल्डचे तळपाय, सगळं स्वच्छ. गुण मात्र नेलीच्या टोपीमागे. डेरेकला रडू कोसळायचंच बाकी होतं.

“पाठव की,” मावशी म्हणाली. “मी बरी दिसतेय.”

त्यानं रागारागानं पाकीट पेटीत कोंबलं. तीन महिन्यांची मेहनत मातीत गेली होती.

पाच आठवड्यांनी तो दुपारची पाळी संपवून गल्लीत वळला आणि जागीच थबकला. घराचे पुढचे पडदे लागले होते. भर दिवसा. सकाळी मावशी खोकत होती, आणि आपण तिला पाणीसुद्धा न विचारता निघून गेलो! तो धावत सुटला. “मावशी! मावशी गं!”

खोलीत अंधार होता. टीव्हीसमोर तिघं दाटीवाटीनं बसली होती, मध्ये हेटी मावशी, हातात कंट्रोलर. डेरेकचा जीव भांड्यात पडला. तो दाराला टेकून खाली बसला.

“पडदे कशाला लावलेत?” त्यानं कसंबसं विचारलं.

“उजेडात नीट दिसत नाही रे,” मावशी म्हणाली. “मासिकवाल्यांनी गेम पाठवलाय. गुण दिसले नाहीत, पण फोटो पाहून हसून हसून मेले म्हणे.”

डेरेक ताडकन उठला. “थांबवा! पुलाच्या अलीकडे थांबवा! मला बघायचंय पलीकडे काय आहे ते!”

“इतकं काही नाही,” नेली केकचा तुकडा हळूच पिशवीत सरकवत म्हणाली. “पलीकडं अजून एक पूल आहे.”