प्याद्याचा वजीर

सकाळी साडेसातला आमची बेल कोपराने वाजली, की समजायचं मल्लप्पाअण्णा आले. खालच्याच मजल्यावर राहतात. बोटं मोकळी नसतात, कारण मोहरी मांडलेला बुद्धिबळाचा पट ते भरल्या ताटासारखा दोन्ही हातांवर तोलत जिना चढून आणतात.

"सर, दोन चालीत मात. बघा की."

अण्णा होटगी स्टेशनात सांधेवाले होते. जन्मभर गाड्या बरोबर रुळावर घातल्या आणि निवृत्त झाल्यावर मला रुळावरून उतरवायचं काम हाती घेतलं. मी कॉलेजात गणित शिकवतो, एवढाच माझा गुन्हा. एकदा काळा घोडा जिन्यातच गडगडला आणि त्याच्याविना मी अर्धा तास डोकं खाजवत बसलो. मग अण्णा तो पायरीवरून उचलून घेऊन आले. "ह्यो ऱ्हायलाच की वो!"

पण खरं कोडं पटावरचं नव्हतं, अण्णांचंच होतं. माझं उत्तर चुकलं, की त्यांचा चेहरा खुलायचा. "चुकलं की वो सर! लई भारी चुकलं!" म्हणत ते पट घेऊन जवळजवळ पळत खाली जायचे. एकदा मात्र उत्तर बरोबर आलं. "व्हय, बरोबर हाय," अण्णा म्हणाले, ते कुणी गेल्याची बातमी सांगावी अशा आवाजात. पुढे दोन दिवस फिरकले नाहीत. माणूस कोडं घालतो ते सुटावं म्हणून, की सुटू नये म्हणून? मला काही उमगेना.

परवा मी प्यादं शेवटच्या घरात नेलं, त्याचा वजीर केला आणि मात दिली. "चुकलं!" म्हणत अण्णा पसार. मोबाइलवर तपासलं, तर मोबाइलही म्हणाला मात. माझं डोकंच फिरलं. मोबाइल घेऊन तडक त्यांच्या दारात गेलो.

दार उघडंच होतं. पलंगावर उशांना टेकून अण्णांच्या बायको गंगाक्का बसल्या होत्या. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. पट त्यांच्या मांडीवर होता. अण्णा कन्नडमध्ये सांगत होते, "सर मत्त तप्पु माड्यार!" सरांनी परत चूक केली. गंगाक्कांनी डाव्या हाताने माझा वजीर उचलला, तिथे घोडा ठेवला आणि अर्ध्या ओठांनी हसू लागल्या. खांदे गदगदेपर्यंत हसल्या.

"हिच्या माहेरी, मैंदर्गीत, असंच खेळत्यात," अण्णा मला म्हणाले. "प्यादं घोड्याच्या घरात पोचलं, की त्याचा घोडाच होतो. वजीर न्हाय. मग तुमची मात कसली? कोडं हीच मांडती, मी नुसता पोचवतो." मग आवाज खाली आणला. "दिवसभर भिंतीकडं बघत बसती, सर. कॉलेजातलं सर चुकलं म्हणलं, की तेवढंच हसती."

मोबाइल मी खिशात टाकला.

"चुकलंच की माझं," मी म्हणालो.

मैंदर्गीचा नियम आता मला पाठ आहे. आज सकाळी कोपराने बेल वाजली. उत्तर पाहताक्षणी दिसलं. कपाळाला आठ्या घालून मी पाच मिनिटं बसलो, प्यादं घोड्याच्या घरात सरकवलं आणि ठसक्यात त्याचा वजीर केला.