खरखरीत मुठीची मोहीम आणि खिडकीच्या बाकाचा कबजा

"याला मूठ म्हणतेस? याच्यावर टाचा घासतात, बये."

"आणि तुझी ती चकचकीत कांडी? ती हातात धरायची की समोर धरून भांग पाडायचा?"

ऐसी जबानलढाई चाकूच्या कारखान्यात भर सकाळी उभयतां बहीणभावांची जाहली, आणि जिन्नस आवळून धरणाऱ्या वाइसचा दांडा फरशीवर आपटला, आणि समोरच्या सायकलवाल्याने मान बाहेर काढून पाहिले, आणि दारातले कुत्रे त्रासून उठले ते दुसऱ्या सावलीस गेले. येथून मोहिमेचा आरंभ धरावा. पृथ्वीवर थोर थोर राज्ये जाहली, गड पडले, तख्ते पालथी जाहली, त्यांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ आहेत, ते आपले लिहोत. परंतु खिशातल्या घडीच्या चाकूस मूठ कशाची असावी, आणि ती गुळगुळीत असावी की खरखरीत, एवढ्यापायी एका घरात दोन फौजा कैशा उभ्या राहिल्या आणि खिडकीचा मुलूख कोणाचे हाती लागला, हे कोणी लिहून ठेविले नाही. म्हणोन साद्यंत लिहिणे प्राप्त जाहले. सुज्ञांनी वाचावे, हसू आल्यास दाबू नये.

तरी पक्ष ऐसे. तीर्थरूप वडील, कारखान्याचे धनी, पात्यास पाणी देण्यात निष्णात, बोलणे मोजके आणि तेही भट्टीकडे तोंड करून. थोरले चिरंजीव दादासाहेब, बफमशिनीचे सरदार, केसास जेल आणि बुटास पॉलिश, हरएक जिन्नस घासून त्यात आपले दात दिसेतोपर्यंत सोडीत नसत. धाकट्या कन्या धाकटीबाई, राग नाकाच्या शेंड्यावर आणि कानस कमरेस, शाळेचे आणि त्यांचे कधीच बिनसले होते, परंतु नजर ऐसी की मुठीत केसाइतकी फट असली तरी लांबून बोट दाखवीत. आणि मातुश्री, ज्या शिलाईच्या मशिनीवर बसून साऱ्या घराचे फाटके शिवीत, आणि ज्यांचा शब्द मागाहून येई पण आला म्हणजे खाली पडत नसे.

आता मुलूख तो कोणता. कारखान्यात उजेड म्हणाल तर एका खिडकीचा. बाकी ठिकाणी ट्यूबलाइट, ती लागायची की नाही याचा विचार करीत लुकलुकत असे. त्या खिडकीखाली बाक, बाकावर वाइस, आणि तेथे वर्षानुवर्षे वडिलांचे ठाणे. मुठीचे काम करावे तर तेथेच, दुसरीकडे कानशीची रेघ सरळ गेली की वाकडी हे दिसतच नाही. धाकटीबाईंची नेमणूक मागल्या खोलीत. तेथे दादासाहेबांच्या मुठी फडक्याने पुसाव्या, डब्यात निजवाव्या, झाकण लावावे, हीच चाकरी. मूठ घडविण्याची फार हौस, तर उंबऱ्यात बसून दाराच्या उजेडात घडवावी, आणि येणाराजाणारा "जरा सरक गं" म्हणाला की कानस, फळी, ढुंगण सर्व उचलून सरकावे. ऐसे किती दिवस काढावे? आंतल्या आंत जळत होत्या.

तशात हार्डवेअरवाले शेठ, जे कारखान्याचे थोर गिऱ्हाईक, त्यांजकडून फिर्याद आली की, नळवाले, माळी, गॅरेजवाले यांचे हातास सदा पाणी, चिखल आणि ग्रीस, तुमची शिंगाची गुळगुळीत मूठ ओल्या हातातून साबणासारखी निसटते, सबब नवी मूठ दाखवावी, न जमल्यास तसे सांगावे, गावात दुसरे कारखाने आहेत. हे ऐकून वडिलांनी भट्टीकडे तोंड करूनच हुकूम फर्माविला की, आपण आता खिडकी सोडून भट्टीपाशीच बसणार, दोघांनी एकेक मूठ करावी, शेठ जी मंजूर करतील तिच्या धन्यास खिडकीचे बाक कायमचे बहाल, आणि जो हरेल त्याने मागल्या खोलीत डबे भरावे, आणि तोंड करू नये.

हुकूम होताच दादासाहेबांनी शिंपल्याच्या रंगाचे प्लास्टिक आणिले, त्यात गुलाबी आणि हिरव्या लाटा, आणि बफावर धरून ऐसे झळकविले की माशी बसली तर घसरावी. धाकटीबाईंनी मात्र सामानाची कसून झडती घेतली. शिंगास कानस लाविली तर जळक्या केसांचा वास आणि पाण्याने फुगण्याची खोड, ते बाद केले. पितळ दिसण्यात राजबिंडे, पण खिसा ओढून विजार खाली आणणार, तेही बाद. शिसवी लाकूड देखणे खरे, परंतु पाणी पिते आणि मागाहून तडकते. रबर हातास धरते तसे खिशातला सगळा कचराही धरते. अखेरीस कापडाचे थर राळेत भिजवून, दाबून, दगडासारखी केलेली पाटी हाती आली, रंग मळकट, दिसण्यात काही नाही, परंतु ओली केली तर अधिकच पकडते. ती पाहून बाई इतक्या खूष जाहल्या की दादाशी सरळ दोन शब्द बोलल्या. मग तिकोनी कानशीने आडव्यातिडव्या रेघा पाडून अवघ्या मुठीवर चौकटींचे टोकदार काटे उभे केले. उंबऱ्यात बसून, सरकत सरकत, बोटांची सालटी काढून केले.

आणि मग तो रणाचा दिवस, ज्याच्या सकाळची बोलाचाली वर लिहिली आहे. शेठ आले. नवी कोरी विजार, इस्त्री कडक, पोट पुढे आणि आपण मागे. मातुश्रींनी ताकीद दिली की दोन्ही चाकू मिटलेलेच राहतील, उघडे पाते दिसले तर सर्वांस बाहेर काढण्यात येईल. मग बादलीत साबणाचे पाणी, वर तेलाची धार, आणि शेठनी हात कोपरापर्यंत बुडवून प्रथम दादासाहेबांची मूठ धरिली. धरिली म्हणावे तो ती सुटली, भिंतीस लागली, उलटून बादलीत बुडी मारून तळाशी गेली. पुन्हा धरिली, पुन्हा गेली. दादासाहेब म्हणाले की शेठनी हात जरा कोरडा करून पाहावा. हे ऐकून सायकलवाला, जो काही कामधंदा नसता आंत येऊन उभा होता, तोही हसला.

मग धाकटीबाईंची मूठ. ती शेठच्या हातास ऐसी चिकटली की साबण हरला, तेल हरले, शेठनी हात झटकला, फिरविला, मूठ जागची हालेना. शेठ बेहद्द खूष, म्हणाले हीच ती. आणि हात पुसून चाकू विजारीच्या खिशात सोडला, आणि पाती पाहण्यास भट्टीकडे गेले. धाकटीबाई तेवढ्यात जाऊन खिडकीच्या बाकावरील धूळ पुसून आल्या.

परंतु दैव फिरले. वडिलांनी चाकू पुन्हा मागितला. शेठनी खिशात हात घालून ओढिला, तो येईना. जोराने ओढिला, तरी येईना. मग पाय रोवून ओढिला, तेव्हा चाकू आला, परंतु एकटा आला नाही, काट्यांत अडकून अख्खा खिसाच उलटा होऊन जीभ काढावी तैसा बाहेर आला, टर्र ऐसा शिवणीचा आवाज जाहला, आणि त्यामागे किल्ल्या, कंगवा, आणि टॉफ्या, टॉफ्यांवर टॉफ्या, फरशीभर पांगल्या. शेठना घरून गोड बंद होते, आणि बंद करणाऱ्या शेठाणी मातुश्रींच्या जिवलग मैत्रीण. मातुश्रींनी टॉफ्यांकडे पाहिले, मग शेठकडे पाहिले, आणि एक टॉफी उचलून आपल्या मशिनीवर ठेविली. ते ठेवणे शेठच्या फार जिव्हारी लागले.

शेठ गरजले, "हा चाकू आहे की मांजर?" आणि जाहीर केले की एक निसटतो, दुसरा ओरबाडतो, खिशातला चाकू दिवसभर हातात थोडाच असतो, तो खिशात असतो, एवढी अक्कल घरात कोणास नाही, सबब चहा पिऊन आपण दुसऱ्या कारखान्यात जाणार. खरेच होते. कोणी तेलात धरून पाहिला, कोणी पाण्यात, खिशात घालून पाहावा हे कोणाच्या डोक्यातच आले नाही. आता खिडकी तर गेलीच, कामही चालले.

फाटकी विजार घालून शेठनी गल्लीतून जाणे बरे दिसेना. म्हणोन विजार मातुश्रींच्या मशिनीवर आली, आणि शेठ कमरेस वडिलांचा चामडी एप्रन गुंडाळून स्टुलावर चहा पीत बसले, पाय जुळवून. दादासाहेब टॉफ्या गोळा करण्याच्या मिषाने फरशीवर फिरत होते आणि गाल फुगले होते.

धाकटीबाई संतापून लाल. हातोडा घेतला, मूठ ऐरणीवर ठेविली, आता चेंदा करणार, आणि घाव घालण्यास हात वर गेला तो तिथेच राहिला. नजर मुठीवर पडली. काट्यांच्या टोकांस खिशाचे पांढरे धागे लोंबत होते. खाचा मात्र स्वच्छ, एका खाचेत तंतू नाही. बाईंनी मूठ डोळ्यांपाशी धरून आईस विचारिले की, हे ऐसे का. मातुश्रींनी तोंडातला दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या,

"कापडाला का मांस असतं? बोट दाबलं की खाचेत उतरतं. कापड ताठ असतं, ते वरच्यावर जातं. वर टोचलं की अडकणारच."

बाईंनी हातोडा टाकिला. उंबऱ्यात जाऊन बसल्या आणि जे काटे बोटांची सालटी काढून उभे केले होते, त्यांचीच टोके झिजल्या पॉलिशपेपराने घासू लागल्या. दादासाहेब येऊन नेमके उजेडात उभे राहिले आणि गोड आवाजात विचारू लागले की, अखेर गुळगुळीतच करतेस ना, मग सकाळी एवढी कशाला तडतडलीस.

"उजेडातून हो. नाहीतर तोंड उघडायला लावीन सगळ्यांसमोर."

दादासाहेब ओठ मिटून बाजूस जाहले. बाई घाशीत राहिल्या. जास्ती घासले तर खाच बुजून मूठ शिंगासारखी निसटणार, कमी घासले तर पुन्हा मांजर. काही रेघा डोळ्यांनी, काही बोटांच्या पेरांनी, काही नुसत्या अंदाजाने. तोंडाने दादाचा उद्धार चालू होता. काटे गेले, गोल माथ्यांच्या बारीक टेकड्या राहिल्या, मध्ये खाचा तशाच खोल.

तिकडे शेठचा चहा बशीत आला होता, विजार शिवून तयार होती. धाकटीबाईंनी चाकू शेठपुढे धरिला. शेठ म्हणाले की आपली फटफजिती एकदा जाहली तेवढी पुरे. तेव्हा मातुश्रींनी मशिनीवर ठेविलेली एक टॉफी बोटाने उगीच ह्या बाजूची त्या बाजूस केली. शेठनी मुकाट हात बादलीत घातला.

मूठ धरिली. साबण, तेल, वरून सायकलवाल्याने आणिलेले ग्रीस, झटकली, फिरविली, सुटेना. मग हात पुसून, विजार चढवून, चाकू खिशात सोडला, दोन फेऱ्या मारिल्या, आणि दोन बोटांनी ओढिला. अलगद वर आला. खिसा आपल्या जागी. शेठनी पुन्हा टाकिला, पुन्हा काढिला, मग बसून, मग वाकून, आणि मग तर लहान पोरासारखे टाककाढ, टाककाढ करीत सुटले, शेवटी वडिलांनी चाकूच त्यांच्या हातून काढून घेतला. धागा एक निघाला नाही. शेठ म्हणाले की ही मूठ पसंत, काम ह्या कारखान्याचेच, वाद खलास.

मग तह जाहला तो येणेप्रमाणे. शेठनी खिशाची गोष्ट बाजारात काढू नये, मातुश्रींनी टॉफ्यांची शेठाणीपाशी काढू नये. वडिलांनी खिडकीकडे बोट दाखविले, आणि भट्टीकडे वळता वळता म्हणाले, "टोकं घासलीस ते बरं केलंस. मी असतो तर हातोडाच घातला असता." त्यांच्या तोंडून एवढी लांबण प्रथमच निघाली, म्हणोन येथे नोंदली.

दादासाहेबांनी शिंपल्याची कांडी खिशात घातली, ती खिशातून तत्काळ निसटून पडली, ती उचलली, आणि मागल्या खोलीत डब्यांवर रुजू जाहले. धाकटीबाई खिडकीच्या बाकावर बसल्या. कोपरे पसरून बसल्या. येणेप्रमाणे खरखरीत मुठीची फत्ते जाहली, खिडकीचा मुलूख धाकटीबाईंच्या अमलाखाली आला, हे सर्वांस जाहीर असावे.

आणि मग दुपार जाहली, आणि सूर्य फिरून थेट त्या खिडकीत आला. ऊन ऐसे की वाइस हातास चटके देई, डोळे उघडवेनात, घाम नाकावरून मुठीवर ठिबके. मागल्या खोलीतून पंख्याचा गार घरघराट आणि दादासाहेबांची शीळ ऐकू येत होती. शीळ थांबली.

"काय गं, ऊन लागतंय का?"

"छे. मस्त आहे."

डोळे बारीक करून बाईंनी ती पसंतीची मूठ उन्हात तिरपी धरिली. तिरप्या उन्हात एकेका रेघेची सावली पडली, आणि मधली एक रेघ, जी उंबऱ्यात सरळ वाटली होती, ती ढळढळीत वाकडी निघाली. कोणासही दिसली नव्हती. बाईंनी चटकन तिजवर अंगठा ठेविला, मागे कोणी पाहत नाही ना ते पाहिले, आणि गपचूप त्याच पाटीचा नवा तुकडा वाइसमध्ये आवळून पहिली रेघ ओढिली. पुढे काय म्हणाल तर शेठचा टेम्पो दारात हॉर्न मारतो आहे, जुन्या मालाचे डबे उचलायचे आहेत, हे लिहिणाऱ्यास आता निघालेच पाहिजे.