रजनीताईंचा शांत स्वभाव

रविवारी सकाळी रजनीताईंनी स्वतःपुरता चहा केला, मागच्या अंगणात खुर्ची टाकली आणि डोळे मिटून बसल्या. एवढंच केलं त्यांनी. पण रजनीताई सकाळच्या वेळी नुसत्या बसल्या आहेत, असं दृश्य आर्णीतल्या त्या घराने कधी पाहिलं नव्हतं.

नुकत्याच त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. निरोप समारंभात जो उठला तो एकच बोलला, बाई फार शांत, बाईंचा आवाज कधी चढला नाही. ऐकता ऐकता त्यांना वाटलं, हे माझ्याबद्दल बोलताहेत की वर्गातल्या बाकाबद्दल? अख्खी नोकरी सरली, पण आपण आहोत तरी कोण, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नव्हता. यवतमाळच्या एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं होतं, की रोज तासभर मौन धरून आत पाहावं, खरा स्वभाव आपोआप वर येतो. घरात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तास चर्चेतच गेला असता.

थोड्याच वेळात त्यांचे यजमान सदाशिवराव मागच्या दारात आले. पोह्यांचं विचारलं. उत्तर नाही. चष्म्याचं विचारलं. उत्तर नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रागावली का?"

रजनीताई मुळीच रागावल्या नव्हत्या. उलट आत कुठेतरी गार वाटू लागलं होतं. पण बोललं की मौन मोडणार, म्हणून त्या गप्प राहिल्या. सदाशिवरावांनी घाईघाईने आपले सगळे अपराध आठवून पाहिले आणि त्यातला सगळ्यात लहान निवडला.

"कढीपत्त्याच्या झाडाचं तुले कळलेलं दिसते. ते सुखीबाईच्या बकरीनं नाही खाल्लं. मीच तोडलं. स्कूटर ठेवाले जागाच नव्हती."

ते झाड रजनीताईंनी स्वतःच्या हाताने लावलं होतं. त्याच्यापायी शेजारच्या सुखीबाईशी त्यांनी वर्षभर अबोला धरला होता. त्यांनी लांब श्वास घेतला आणि डोळे आणखी घट्ट मिटले.

भिंतीपलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला. सुखीबाईचं डोकं भिंतीवर आलं. "म्हणजे माही बकरी फुकटच बदनाम झाली का भाऊ? मी तं तिले बाजारात नेऊन इकली," ती म्हणाली आणि भांडी तशीच टाकून तिथेच टेकून उभी राहिली.

बोलणं ऐकून मुलगा साकेत बाहेर आला. आईचा लालबुंद झालेला चेहरा पाहून त्याला वाटलं, रात्री टेबलावर राहिलेला आपला फोन तिने पाहिला. त्याने लगेच सांगून टाकलं की तो दुसरा ग्रुप त्याच्या मनाने काढलेला नव्हता, बाबांनीच काढायला लावला होता. घरच्यांचे व्हॉट्सअॅपवर दोन ग्रुप होते. एकात रजनीताई होत्या, त्यात रोज सकाळी फुलं येत. दुसऱ्यात त्या नव्हत्या, आणि घराला रंग कोणता द्यायचा इथपासून त्यांच्या निवृत्तीला साडी कोणती घ्यायची इथपर्यंत सगळं तिथे ठरत होतं.

"तुला ताण नको म्हणून गं," साकेत म्हणाला.

रजनीताईंच्या मुठीत खुर्चीचा हात करकरला. आता सदाशिवरावांचा उरलासुरला धीर सुटला. ग्रुप वाचला म्हणजे हिने मारेगावचंही वाचलं, असा त्यांनी हिशोब केला आणि तेही सांगायला लागले.

तीन वर्षांपूर्वी मारेगावला रजनीताईंच्या भावाच्या, भगवानरावांच्या मुलाचं लग्न होतं. ऐन मे महिना. सदाशिवरावांना उन्हात प्रवास नको होता. त्यांनी मेहुण्याला फोन करून सांगितलं, रजनीची यायची इच्छा नाही. आणि रजनीताईंना सांगितलं, आपल्याला बोलावणंच नाही. सख्खा भाऊ आपल्याला विसरला, असं समजून रजनीताई मोरीत नळ सोडून रडल्या होत्या. मग तोंड धुऊन शांतपणे स्वयंपाकाला लागल्या होत्या.

सदाशिवराव सांगायचे थांबले. रजनीताईंनी डोळे उघडले.

"मी रागावले नव्हते," त्या म्हणाल्या. "नुसती बसले होते. आता रागावले."

पुढे त्या जे बोलल्या ते पुष्कळ होतं आणि मोठ्याने होतं. साकेतने मध्येच उभ्या उभ्या तो ग्रुप पुसून टाकला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. सदाशिवराव कसेबसे म्हणाले, की तू अशी नाहीस.

"मी अशीच आहे. आत्ताच पाहून आले."

मेहुण्याला फोन लावून सगळं नीट सांगतो, असं सदाशिवरावांनी सुचवलं. तुम्ही केलेला फोन पुरे झाला, असं म्हणून रजनीताईंनी पिशवी उचलली आणि बस स्टँड गाठला. यवतमाळला उतरून त्यांनी मारेगाववरून जाणारी वणीची गाडी धरली. खिडकीबाहेर हिरवीगार कपाशी मागे पळत होती. वाऱ्याने माणूस निवतो म्हणतात, पण रजनीताईंचा राग थांब्याथांब्याला वाढत गेला.

भगवानराव ओसरीत फवारणीचा पंप खोलून बसले होते. बहिणीला पाहून त्यांनी मान पुन्हा पंपात घातली. बबितावहिनी पाणी आणायला आत पळाली. रजनीताईंनी खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही. त्यांची शाळेतली शुद्ध भाषा वाटेतच कुठेतरी उतरून गेली होती.

"दादा, तीन वर्षांत मले एक फोन करता नाही आला तुले? लोकाचं आयकलं आन् बहिणीले विचारलंही नाही? कायचा भाऊ तू?"

मग त्यांनी नवऱ्याची सगळी करणी सांगितली, आणि विचारलं नाही म्हणून भावालाही सोडलं नाही. भगवानरावांनी पंप बाजूला ठेवला. हात पुसले. मग म्हणाले, "अशी भांडाले आली असती तं त्याच दिवशी मिटलं असतं. तू कधी भांडलीच नाही, रजू. मले वाटलं, तुले आमची काही पडलीच नाही."

रजनीताईंकडे अजून बरंच शिल्लक होतं, पण ते त्यांनी तसंच राहू दिलं. त्या तिथेच पायरीवर बसल्या. भगवानरावांनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

सकाळपासून त्यांच्या पोटात एका चहाशिवाय काही नव्हतं. वहिनीने ताट केलं, गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत. भगवानराव समोर बसून बहिणीला जेवताना पाहत राहिले. मग जरा बिचकतच त्यांनी विचारलं, की राग गेला का.

"नाही," रजनीताई म्हणाल्या. "लय आहे अजून. वहिनी, आणखी एक भाकर वाढ."