मिन्नलचा क्वाबेना

अभ्यास केल्याशिवाय मी कुठलंच काम करत नाही! उप्पा गेले, फुटबॉल मैदानावरच्या बांबूच्या गॅलरीतली त्यांची जागा रिकामी झाली आणि हमजाक्कांच्या जावयाची तिच्यावर नजर गेली, तेव्हाच मी जाहीर केलं, "वडिलांच्या जागी मी बसणार!"

"सेव्हन्स फुटबॉल म्हणजे तुझं ग्रंथालय नव्हे, रसिया," उप्पांचे जुने दोस्त हमजाक्का म्हणाले. "आजचा सामना बघ. जमलं तर बस, नाहीतर जावई आहेच."

मग काय! आमच्या मिन्नल क्लबचे सातही खेळाडू मी घोकून काढले. मागचे सामने मोबाइलवर पाहिले. घानाचा क्वाबेना डाव्या पायाने मारतो, गोलकीपर शाजी उजवीकडेच झेपावतो. शाजीची बायकोही त्याला इतकं ओळखत नसेल!

समोर पुलरी क्लब. शिट्टी झाली. क्वाबेनाने चेंडू घेतला, दोघांना केळीच्या खुंटांसारखं आडवं केलं आणि गोल! मी किंचाळले, नाचले, हमजाक्कांच्या टकलावर शेंगा उधळल्या!

बिर्याणीत झुरळ निघावं तशी सगळी गॅलरी माझ्याकडे बघत होती.

"बये, गोल आपल्यावर झाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पण क्वाबेना आपला ना?"

"रविवारी होता. आज पुलरीने भाड्याने आणलाय."

"आणि शाजी?"

"तोही तिकडेच! अगं, जर्सीचा रंग तरी बघायचा!"

नावं पाठ असलेल्या माणसाने रंग कशाला बघावा? मला काय ठाऊक, की हे खेळाडू मांडववाल्याच्या खुर्च्यांसारखे रोज नव्या लग्नाला जातात!

तेवढ्यात लाउडस्पीकर गरजला, "पुलरीची एक शूर भगिनी मिन्नलच्या गोटात अडकली आहे! तिला वाट द्या!"

ढोल वाजवत पुलरीवाले मला न्यायला आले. जावयाने अदबीने वाट करून दिली आणि उप्पांच्या जागेवर अर्धं बूड टेकवलंसुद्धा!

मी बांबूला मिठी मारली. "मी मिन्नलचीच! मोइदुट्टींची मुलगी!"

हमजाक्का उठले. टकलावरची शेंग झटकत म्हणाले, "सोडा तिला. मोइदुट्टीचीच आहे, शंका नको. तोही जन्मभर भलत्याच गोलला नाचला! जावईबापू, उठा."

मी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून हळूच विचारलं, "हमजाक्का, आज आपल्याकडून खेळतंय तरी कोण कोण?"

"थांब," हमजाक्का चष्मा पुसत म्हणाले, "मीही मघापासून तेच बघतोय."