महाराजांची आयाळ आणि भट्टीचा डोळा

एका जंगलात, बालमित्रांनो, राजाला एकदा वाटलं की प्रत्येक प्राण्याच्या डोक्यावर कौलारू छप्पर असावं. माकडांच्याही. माकडांना छप्पर नको होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही. नदीकाठी कौलांची भट्टी उभी राहिली.

भट्टीला बर्नर होता. म्हणजे एका नळीतून करंजाच्या तेलाचा फवारा आत जायचा आणि जळत राहायचा. जळत असला तर ठीक. पण ज्योत मध्येच विझली आणि तेल येतच राहिलं, तर ते तापलेल्या विटांवर साचायचं आणि मग सगळं एकदम पेट घ्यायचं. मागच्या महिन्यात तसंच झालं. भट्टीचं दार उडून पलीकडच्या जांभळीवर जाऊन बसलं आणि भट्टीच्या तोंडाशी कच्ची कौलं रचणाऱ्या सकूच्या शेपटीचं टोक भाजलं.

सकू ही खवल्या मांजर. तिचा नवरा खवलोजी कारखान्यात फिटर होता. सकू दुसऱ्या दिवशी शेपटीला चिंधी बांधून पुन्हा कामावर आली. खवलोजीच्या घशाखाली मात्र तेव्हापासून मुंग्या उतरत नव्हत्या.

शेवटी शहरातून एक यंत्र आलं. त्याचं नाव फ्लेम स्कॅनर. सगळे त्याला डोळा म्हणू लागले. हा डोळा ज्योतीकडे टक लावून बघतो. ज्योत दिसतेय तोवर तेल सोडतो. दिसेनाशी झाली की तेल बंद.

खवलोजीने सोबतचं माहितीपत्रक तीनदा वाचलं. डोळा बर्नरच्या मागे लावावा. ज्योतीच्या मुळावर रोखावा. नळी उतरती ठेवावी, म्हणजे काचेवर काजळी बसत नाही. आणि थरथरणारी तांबूस चमक म्हणजे ज्योत, एवढंच त्याला कळतं. तेव्हा तसलं दुसरं काही त्याच्या समोर येऊ देऊ नये. खवलोजी दोन दिवस बर्नरमागच्या काजळीत सरपटला आणि त्याने नेमक्या जागेवर चुन्याने खूण केली.

तिसऱ्या दिवशी समारंभखात्याचे बगळेसाहेब आले. त्यांनी पांढरेशुभ्र पंख आवरून मागे डोकावलं आणि लगेच मान बाहेर काढली.

"इथे मांडव कुठे घालणार?" त्यांनी विचारलं.

"मांडव कशाला, साहेब?"

"उद्घाटन महाराजांच्या हस्ते आहे. महाराज काय तेलात बसून फीत कापणार? डोळा पुढे घ्या. व्यासपीठाकडे तोंड करून."

"पण साहेब, ज्योत मागनं दिसते."

"ज्योत रोजचीच आहे हो. महाराज रोज येतात का?"

खवलोजीने चुन्याची खूण तशीच ठेवली आणि डोळा उचलला. बालमित्रांनो, अशा प्रश्नांना मोठमोठ्यांकडेही उत्तर नसतं.

डोळा पुढे बसला. पितळी चौकट, झेंडूची माळ. दुपारच्या उन्हात सिंहमहाराज समोर आसनस्थ झाले. दोन हरणं चवरी ढाळू लागली, तशी महाराजांची तांबूस आयाळ उन्हात थरथरू लागली. डोळ्याने ती पाहिली आणि तेल सोडलं. खवलोजीने घाईघाईने मशाल लावून बर्नर पेटवला. टाळ्या झाल्या. महाराज जेवायला उठले. तेल बंद झालं.

महाराज परत येऊन बसले. तेल सुरू, आणि खवलोजीची मशालही.

"महाराजांच्या तेजावर भट्टी चालते," बगळेसाहेब सद्गदित होऊन म्हणाले. तेव्हापासून महाराज सकाळपासून संध्याकाळपर्यंत भट्टीसमोर बसू लागले. राज्यकारभार पडून राहिला, आणि जंगल कधी नव्हे इतकं सुरळीत चाललं.

पाचव्या दिवशी तेलात पाणी आलं आणि ज्योत विझली. महाराज बसलेलेच होते. तेल येतच राहिलं. भट्टीच्या तोंडातून पांढरा धूर निघू लागला आणि तिथेच सकू पाठमोरी कौलं रचत होती. खवलोजी बगळेसाहेबांकडे धावला.

"साहेब, ज्योत विझलीय. महाराजांना उठवा."

"डोळा काय म्हणतो?"

"डोळ्याला आयाळ दिसतीय, साहेब."

"म्हणजे महाराजांचं तेज खोटं?" बगळेसाहेबांनी सावकाश विचारलं.

खवलोजीने सकूकडे पाहिलं. मग तो महाराजांसमोर आडवा झाला. "खोटं कसं म्हणू? फार होतंय, महाराज. आपल्या तेजानं भट्टी वितळायला लागलीय. जरा सावलीला चलावं."

महाराजांना हे पटलं. ते प्रसन्न होऊन सावलीत गेले, तेल बंद झालं, धूर विरला. सकू घाम पुसत नवऱ्याजवळ आली.

"अवो, असं खोटं कवापासून बोलाया लागलात?"

"आताच," खवलोजी म्हणाला आणि बर्नरमागे आपली चुन्याची खूण शोधायला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बगळेसाहेब नदीवर एका पायावर उभे असताना, खवलोजीने डोळा काढून चुन्याच्या खुणेवर लावला. ज्योतीच्या मुळावर रोखून, नळी उतरती ठेवून. पुढच्या पितळी चौकटीत त्याने बाटलीचं बूड बसवलं आणि माळ ताजी केली. महाराज उठले की तो मागे जाऊन डोळ्यावर चिंधी टाकायचा, म्हणून कोणाला काही कळलं नाही. पितळ तर आणखीच छान दिसू लागलं.

आठ दिवसांनी तेलात पुन्हा पाणी आलं. ज्योत विझली, खऱ्या डोळ्याने तेल तोडलं, भट्टी गप्प झाली. सकू कौलं रचतच राहिली. पण समोर महाराज बसलेले होते, आणि महाराज बसलेले असताना भट्टी बंद पडली होती.

चौकशी बसली. "महाराजांकडे बघून डोळा ज्योत नाही म्हणालाच कसा?" बगळेसाहेबांनी विचारलं.

खवलोजीने थोडा विचार केला. "त्या वेळी महाराज काय करत होते, साहेब?"

चवरीवालं हरीण हळूच म्हणालं, "जांभई देत होते."

"मग बरोबर आहे," खवलोजी म्हणाला. "जांभई देताना तेज आत ओढलं जातं."

चौकशी समितीने हे एकमताने मान्य केलं. महाराजांनी जांभई द्यायची झाल्यास कारखान्याला तीन दिवस आधी लेखी कळवावं, असा ठराव झाला. बगळेसाहेबांना सुरक्षिततेचं पदक मिळालं. खवलोजीला, बर्नरच्या मागे विनाकारण वावरल्याबद्दल, लेखी समज मिळाली. कागद चांगला मऊ होता. खवलोजी रोज सकाळी त्याने डोळ्याची काच पुसतो.

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं, असं तुम्हाला शाळेत सांगतात. मुलांनो, तसं करू नका. खरं गुपचूप मागच्या बाजूला, काजळीत, जरा उतरतं बसवून ठेवावं आणि रोज पुसावं. बोलायला पुढे पितळेचं काहीतरी लावलेलं असतंच.