तांबड्या आकड्यांची झाडं

आमच्या वसईच्या कॉलेजला मूल्यांकनात संशोधनाच्या रकान्यात शून्य मिळालं. तेव्हा चिंचोटीमागच्या डोंगरावरच्या सदाहरित जंगलातल्या वनस्पतींची पाहणी करण्याचं काम ज्येष्ठ प्राध्यापक म्हणून माझ्याकडे सोपवण्यात आलं. सदाहरित जंगल मी सव्वीस वर्षं शिकवतो आहे. तिथे जाण्याचा प्रसंग मात्र यापूर्वी आला नव्हता.

वाट दाखवायला कामणजवळच्या पाड्यावरची एक बाई आली. ओढ्याकाठच्या गर्द सावलीत मी एकेका झाडाकडे गंभीरपणे पाहायचो. ती म्हणायची, "आंजनी हाय, सर," की मी शास्त्रीय नाव लिहायचो. पिसा, जांभूळ, भेर्ली माड, सगळं असंच. फॉर्ममध्ये 'ओळख पटवणाऱ्याची पदवी' असा रकाना होता. तिथे मी माझी पीएच.डी. लिहिली.

नियमाप्रमाणे मोजलेल्या प्रत्येक झाडावर क्रमांक हवा. मी तांबड्या ऑइलपेंटचा डबा उघडला, तशी ती पुढे आली.

"सर, आकडा नको. आकडा घातलेलं झाड तोडतात."

"बाई, तोडणारं खातं वेगळं. आपण जतन करायला मोजतोय."

"तोडनाऱ्याला काय कळनार, कोनचा आकडा कशाचा?"

"तसं कागदावर लिहिलेलं असतं."

ती एका जांभळीला पाठ लावून उभी राहिली. "हिची जांभळं आमची पोरं खातात. हिला नाय." मी समजावलं, रागावलो, शेवटी त्या झाडापुढे 'अनुपलब्ध' लिहिलं. बाकीच्या एकशे बारा झाडांवर आकडे इतके सुबक काढले, की फोटो घरी पाठवले.

झाडांची उंची मोजायची राहिली होती, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. ओढ्याकाठी लख्ख ऊन होतं. रस्त्याच्या ठेकेदाराचा मुकादम रेमंड एका खुंटावर बसून चहा पीत होता.

"रस्ता रुंद करायला आकडेवाली झाडं काढायची ऑर्डर होती," तो म्हणाला. "रस्त्याकडेला एक पन सापडेना. मग ही दिसली. बिनआकड्याच्या झाडाला हात नाय लावला, सर. आकडे कोनी घातले? लांबून मस्त दिसायचे."

उन्हात ती जांभळी तेवढी एकटी उभी होती आणि तिच्याखाली ती बाई. तिने विचारलं असतं, तर कागद दाखवता आला असता.

मी वनखात्याच्या कार्यालयात तक्रार नेली. साहेबांनी विचारलं, "झाडांना रंग कुणाच्या परवानगीने लावला?" मी तक्रार मागे घेतली.

प्राचार्य म्हणाले, "पाहणीच्या तारखेला झाडं होती ना? मग अहवाल अचूक आहे." परिसंवादात तो वाचला. सतरा प्रश्न आले, सगळे टक्केवारीबद्दल. झाडं आहेत का, हे कुणी विचारलं नाही. उत्कृष्ट शोधनिबंधाचं पारितोषिक मिळालं.

छापायला देताना ऋणनिर्देश सांगितला: प्राचार्य, संस्था, कार्यालय, रिक्षावाला. टाइप करता करता माझी बायको मर्सी थांबली.

"आणि त्या बाई? त्यांचं नाव काय?"

मी ते विचारलंच नव्हतं. "स्थानिक साहाय्यक लिही," मी म्हटलं. मर्सीने लिहिलं, पण माझ्याकडे फार वेळ पाहिलं.

मग लक्षात आलं, आपण इथवर वाचत आलात, मुकादमाचं नाव कळलं, साहेब भेटले. तिचं नाव आपल्यालाही विचारावंसं वाटलं नाही. मला जरा बरं वाटलं.