एकशे एक नंबरचा ऐन

माझा थोरला भाऊ मोतीराम मेला तेव्हा नकाशात तो ऐनाचं झाड होता, म्हणून त्याला डोंगरावरून खाली आणायला तोडीचा परवाना लागला.

चूक कोणाचीच नव्हती. दादा जंगलमोजणीवर मजूर होता, झाडांना टेप लावायचा. दुपारी खडकाला टेकून तो उभ्याउभ्याच गेला. मागून आलेल्या पोफळे साहेबांनी त्यालाच टेप लावला, घेर लिहिला, पाठीवर पांढऱ्या रंगाने १०१ घातला. टाचांच्या भेगा बघून जात लिहिली, ऐन. ऐनाची साल तशीच असते. साहेब फार शिकलेले.

मी मोजणी कार्यालयात गेलो. पोफळे साहेब छापील नकाशाची घडी घालत होते.

“साहेब, माणूस आहे जी तो. खड्डा खोदून ठेवलाय. वहिनी कडेला बसलीय.”

“वाईट झालं,” साहेब म्हणाले. “पण हे बघ. या तुकड्यात साग पन्नास, ऐन एक्कावन्न. जे जास्त, त्याचा रंग. म्हणून तपकिरी. भाऊ नेलास तर पन्नास-पन्नास. बरोबरीला कोणता रंग देऊ?”

मी चौथीपर्यंत शिकलोय. नकाशाच्या कोपऱ्यात दोनच रंग होते. उलटून मागेही पाहिलं. मग मी टेबल उलथवलं. साहेबांनी ते शांतपणे सरळ केलं.

“त्याच्या जागी मला लिहा,” मी म्हणालो.

“चप्पल काढ बे.”

काढली.

“टाचा मऊ. अंग सरळसोट. तू साग भरशील बाप्पा. मग सगळा तुकडा हिरवा करावा लागेल. छापून झाला ना नकाशा!”

टाचा मऊच असणार. घरात चपलेचा एकच जोड असायचा आणि दादा तो मला घालायचा. हे साहेबांना सांगायला तोंड उघडलं, तर डोळे गळायला लागले.

साहेबांनी माझ्या गालाला बोट लावलं, निरखून पाहिलं.

“पाणी निघतंय,” ते खूश होऊन म्हणाले. “खोडात पाणी धरणारं झाड कोणतं? ऐन! आधी नाही का सांगायचं?”

डोंगरावर दादाच्या पाठीवरचा आकडा पुसून माझ्या पाठीवर घातला. दादाच्या तोडीच्या परवान्यावर साहेबांनी सही केली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘ऐन, एक नग, घरगुती कामासाठी.’ दोन मजूर त्याला खांद्यावर घेऊन उतरले. सही जपून ठेवा, असं साहेबांनी त्यांना दोनदा बजावलं.

आमच्यात पहिली मूठ माती धाकटा भाऊ टाकतो. मी दादाच्या जागी खडकाला टेकण्याआधीच मूठ भरून घेतली होती.

थोड्या वेळाने खालून वहिनीची हाक आली. “भाऊजी, या ना! सगळे खोळंबलेत.”

तुकडा तपकिरी होता. मी हललो नाही. मूठ तेवढी उघडली आणि माती माझ्याच पायांवर पडू दिली.